माहेरच्या जोडीचा शब्द

नारपोली, भिवंडी
१२ मार्च १९८९

आईला राघोचा जयभीम.

मी बरा आहे. शिफ्ट सुटली की खोलीवर भात टाकतो आणि दोन घास खातो. झोप तेवढी अजून लागत नाही. तुझा गुडघा कसा आहे?

तुझं पत्र वाचलं. कौसल्या वारल्यापासून तुला एकच लागून राहिलंय, की आपल्या घरात तिला जाचच झाला. आपल्या शेवंताच्या हळदीत तिनं घेतलेला उखाणाही तुला आता खोटा वाटतो:

दारातल्या आंब्याला आला मोहर,
राघोंच्या घरी मिळालं दुसरं माहेर.

तू म्हणतेस, यमक जुळवायला बोलली असेल.

तसं नाही, आई. उखाणा कसा जमतो, असं मी तिला एकदा विचारलं होतं. ती हसून म्हणाली, "अहो, मनातला शब्द शेवटाला ठेवायचा. मग त्याच्या जोडीचा शोधून आधी घालायचा, म्हणजे ऐकणारे वाट बघतात."

आपल्या दारात आंबा कधीच नव्हता. मोहर तिनं यमकासाठी आणला. माहेर तिनं आधीच ठरवलं होतं.

वेळेवर जेवत जा.

तुझा,
राघो