हिरव्या ठिपक्यामागची कॉफी

मी, बोर्गहिल्ड एलियास्सेन, विधवा, राहणार हेस्टहोल्म बेट, नॉर्लांड, डोके ठिकाणावर असताना हे मृत्युपत्र लिहिते. कुणाचा दबाव नाही; दबाव टाकायला इथे येतेच कोण?

१. घर, नौकाघर व बँकेतील शिल्लक माझा एकुलता एक मुलगा स्वेनुंग याला. तो ओस्लोत असतो. त्याचा हिस्सा कायद्याने काढता येत नाही, आणि मला काढायचाही नाही.

२. नणंद थोरा हिने 'दोन दिवसांसाठी' नेलेला वॅफलचा साचा तिलाच राहू द्यावा. तिचे वॅफल तरीही करपतातच.

३. कॉफीचे यंत्र शेजारीण ओद्नी हिला. याचे कारण लिहिणे भाग आहे. स्वेनुंगने यंत्राच्या प्लगला एक डबी बसवली. मी सकाळी कॉफी केली की त्याच्या मोबाइलवर हिरवा ठिपका उमटतो. "आई, आता तू बरी आहेस हे मला रोज कळेल," म्हणाला. कळू लागले, आणि त्याचा रविवारचा फोन बंद झाला.

गेल्या हिवाळ्यात एके दिवशी मी मुद्दाम कॉफी केली नाही. फोनपाशी बसून राहिले. दुपारी बर्फ तुडवत ओद्नी आली.

"अगं, स्वेनुंगचा फोन आला होता मला. म्हणाला, आईकडे जरा डोकावून ये."

"माझा नंबर हरवला का त्याच्याकडून?"

"मला काय विचारतेस? काय सांगू त्याला?"

"काही सांगू नकोस. बस, कॉफी टाकते."

ठिपका उमटला असणार. पुन्हा कुणाचा फोन आला नाही. मला फार लागले ते.

४. माझ्यामागे ओद्नीने रोज सकाळी इथे येऊन कॉफी करावी व प्यावी. स्वेनुंगला कुणी काही कळवू नये. वकील म्हणाले, असे कलम चालत नाही. मग ही विनंती समजावी.

"कुठवर करायचं हे?" ओद्नीने विचारले.

"तो माझ्या नंबरवर फोन करेपर्यंत."

"आणि तुला पुरायचं कुणी?"

"तुम्हीच पुरा. पाद्रीबुवा आहेत की."

फोन वाजला की तिने उचलावा. त्याला रागावू नये. आधी त्याला "आई" म्हणू द्यावे, मग सांगावे.

सही: बोर्गहिल्ड एलियास्सेन
हेस्टहोल्म, ९ नोव्हेंबर २०२३

आमच्यासमक्ष सही केली. साक्षीदार:
एन्ग्विन मोर्क, फेरीबोटीचा तांडेल
सिसेल ब्रेकहुस, परिचारिका
(ओद्नीला लाभ असल्याने तिची सही चालत नाही. ती बाहेर ओसरीत रडत बसली आहे.)