दुकान वाढवणार

बुधवार, संध्याकाळ. तंजावूर.

ओरत्तनाडूजवळच्या त्या गावात आज पुन्हा गेले, तर हनुमंतरावांच्या किराणा दुकानाला कुलूप. पायरीवर एक म्हातारी रिकामी पिशवी घेऊन बसलेली. आता मिठालासुद्धा बस पकडायची, म्हणाली.

बंद पडायला आलेली गावातली दुकानं टिकावीत म्हणून सरकार मदत देतं. कुणाला द्यायची, ते माझ्या पाहणीवर ठरतं. पोंगलच्या आधी गेले होते, तेव्हा हनुमंतराव आपल्या घरच्या मराठीत बोलायला लागले म्हणून मी केवढी खूश! "पोंगल झाला की दुकान वाढवणार, पोरी," म्हणाले. आणि मी? "फार छान, मामा!" वर पाहणीच्या तमिळ अहवालात लिहून टाकलं: दुकान मोठं करणार, मदतीची गरज नाही.

"फार छान" म्हटल्यावर ते मागच्या डब्याकडे वळले होते. मग माझ्या हातावर गुळाचा खडा ठेवला. मला वाटलं, आनंदाने.

ऑफिसात साहेबांना सांगितलं, तर म्हणाले, "यादी गेली, मॅडम." त्यांना तमिळमध्ये काय समजावणार? आणि कोणत्या तोंडाने? तो शब्द मला येत नव्हता थोडाच!

फार छान, म्हणे.

आत्ताच अम्मा आतून म्हणाली, "देवापुढचा दिवा वाढव गं." उठले, फुलाने ज्योत शांत केली. लहानपणापासून करत आलेय. दिवा वाढव म्हटल्यावर मी कधी वात मोठी केली आहे का?