मावशीचा मसाला आणि खरे फॉलोअर्स

गुरुवार, संध्याकाळ. मयूर विहार, दिल्ली.

मावशीचा गोडा मसाला इन्स्टावर विकायची आयडिया माझीच. फॉलोअर्स खरे हवेत, कमेंटला मनापासून उत्तर दे, हेही मीच शिकवलं. मग मी आठवडाभर ऋषिकेशला काय भटकून आलो, हिने विचारेल त्याला अख्खी कृती लिहून दिली. दगडफुलासकट!

आज खालच्या गुप्ता आंटी वाटी घेऊन आल्या. आमचं नेहमीचं गिऱ्हाईक. "दीदी, आपकी रील देखके मसाला घर पे बनाया, चखो ना."

मावशी खूश. "एकदम मस्त! बस, खोबरा थोडा और भूनो."

इकडे पाकिटं पडून आहेत. तिच्यावर ओरडू तरी कसा? "बघ, किती माणसं जोडली गेली रे," म्हणते.

वाटी रिकामी कशी परत करायची, म्हणून तिने पडून असलेलं एक पाकीट फोडून त्यात ओतलं. खाली देऊन कोण आलं? मीच.