फरच्या झाडावरचा हातमोजा

शनिवार, ९ फेब्रुवारी

पोहोचले एकदाची. विमानतळावरून वर येताना गाडीत शेजारच्या तरुण मुलीने बटाट्याच्या कापांचं पाकीट माझ्यापुढे धरलं आणि बोलता बोलता मी ते अर्धं संपवलं. ती म्हणाली, तुम्हीही स्की करायला का? मी म्हटलं, अडुसष्टाव्या वर्षी मी जिना उतरते तेवढं पुरे. दोघी हसलो. बऱ्याच दिवसांनी.

लोवेल आणि ड्युई हे माझ्या नवऱ्याचे, ऑरिनचे, चाळीस वर्षांपासूनचे मित्र. दर फेब्रुवारीत तिघं आठवडाभर या सॉरेल गावात, लोवेलच्या घरी यायचे. मला कुणी नको म्हटलं नव्हतं, पण त्या आठवड्यात मिनेसोटातलं घर आणि गावातलं वाचनालय दोन्ही मला निवांत मिळायचं. दहावीला शाळा सोडलेली बाई मी. शाळेच्याच स्वयंपाकघरात तीस वर्षं काढली आणि उरलेल्या वेळात त्या वाचनालयाची एकेक फळी वाचत गेले. तीन वर्षांपूर्वी इथून दोघंच परत आले.

ड्युईने दारातच माझी बॅग उचलून पाहिली आणि विचारलं, बाईसाहेब, दगड भरून आणलेत का? मी म्हटलं, पुस्तकं आहेत. दगड तुझ्या डोक्यात आहेत ते पुरतील. तो खूश झाला. लोवेल कमी बोलतो. त्याने माझा कोट घेतला, राजमा-खिम्याच्या तिखट चिलीचा वाडगा आणि मक्याचा पाव पुढे ठेवला आणि इतकंच म्हणाला, आर्लिस, तू आलीस ते बरं झालं.

दाराशी बूट वाळवायची खोली आहे. गरम हवा सोडणाऱ्या तीन खुंट्या, त्यावर बूट उलटे अडकवायचे. मधली खुंटी रिकामी ठेवली आहे. मला ते आवडलं.

मी का आले ते लिहून ठेवते. ऑरिनला जाताना त्रास झाला का, एवढंच मला जाणून घ्यायचं आहे. मित्रांनी दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी त्याला शेवटचं पाहिलं. कागदावर मृत्यूची वेळ एक वीस आहे. सगळे म्हणतात, कळलंसुद्धा नसेल. ज्या झाडाखाली तो बर्फात गेला ते झाड मला बघायचं आहे.

फोनचा आवाज मोठा करून झोपते. तीन वर्षांची सवय.

रविवार, १० फेब्रुवारी

सकाळी गावात फिरले. प्लास्टिकचे बूट घातलेली माणसं घोड्यावरून नुकती उतरल्यासारखी फेंगडी चालतात, आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही. दालचिनीचा रोल खाल्ला. डोंगरावर नेणाऱ्या तारेवरच्या पाळण्याच्या रांगेत ड्युईने तीन अनोळखी माणसांना मी त्याची प्रशिक्षक आहे असं सांगितलं. त्यातल्या एकाने शिकवणीसाठी वेळ मागितली.

तिथेच रेनी भेटली. डोंगरावरच्या गस्तीत आहे, चाळिशीची, नाकावर उन्हाने सोललेली कातडी. ऑरिनला बर्फातून हिनेच उकरून काढलं. माझं नाव ऐकल्यावर तिने हातमोजे काढून माझे दोन्ही हात धरले आणि तिचा नंबर दिला. लोवेल म्हणाला, चला, उशीर होतोय. कशाला उशीर होत होता कोण जाणे.

अशा मृत्यूंबद्दल मिळेल ते मी वाचलं आहे. फरच्या झाडाच्या खालच्या फांद्यांनी बर्फ अडतो आणि बुंध्याभोवती भुसभुशीत खळगा राहतो, वरून दिसत नाही. माणूस त्यात डोक्यावर पडतो. स्की वर फांद्यांत अडकतात, हात तिथवर पोचत नाहीत, आणि जितकी धडपड करावी तितका बर्फ तोंडात येतो. लोकांना दिसतात ते फक्त बूट, तळवे आभाळाकडे केलेले.

सोमवार, ११ फेब्रुवारी

झाड पाहिलं.

पाळण्याने वर गेलो आणि बर्फात रुतू नये म्हणून बुटांना जाळीची पावलं बांधून अर्धा तास चाललो. या डोंगरावर मेलेल्या माणसांची अशी झाडं असतात. मित्र येऊन त्यांच्या वस्तू टांगतात, एक घोट पितात, एक घोट बुंध्यावर ओततात. ऑरिनच्या झाडावर रंगीत मण्यांच्या माळा, प्लास्टिकमध्ये घातलेला त्याचा फोटो, जुन्या ट्रकची नंबरपाटी आणि व्हिस्कीची अर्धी बाटली होती. खिळ्याला उजव्या हाताचा मोजा होता. करडी लोकर, मनगटाशी दोन लाल रेघा. मी विणलेला.

मी हात पुढे केला तसा ड्युई म्हणाला, बघ हवं तितकं, पण झाडावरचं खाली न्यायचं नाही. इथलं पोरगंसुद्धा नेत नाही. मी विचारलं, नेलं तर? तो म्हणाला, तर ज्याचं आहे तो न्यायला येतो. आणि नेहमीसारखा हसला नाही.

ते दोघं बाटली उघडत असताना मी मोजा काढला आणि कोटात घातला. मी विणला होता, माझाच होता. याहून जास्त विचार केला नाही.

खोलीत येऊन पाहिला. अंगठा झाडाच्या बाजूला दाबून टांगला होता, म्हणून तिथे दिसलं नाही. अंगठ्याचं टोक दातांनी चावून तोडलेलं आहे. भोवती लोकर काळी आणि कडक झाली आहे.

दुपारपासून बर्फ पडतोय.

मंगळवार, १२ फेब्रुवारी

आज तीन वर्षं झाली.

न्याहारीच्या वेळी खिडकीतून पाहिलं तर मागे, झाडी सुरू होते तिथे, चाळीस पावलांवर बर्फातून दोन बूट वर आलेले. तळवे आभाळाकडे. नारिंगी. मी ड्युईला म्हटलं, ही कसली थट्टा? त्याने पाहिलं आणि त्याच्या हातातला कप फरशीवर पडला. लोवेल फावडं घेऊन धावला. तो पोचेपर्यंत तिथे फक्त खळगा होता. जाताना लोवेलची पावलं उमटली, दुसरी कुणाची नव्हती.

ऑरिनचे बूट नारिंगी होते. डाव्या टाचेवर मी निळी चिकटपट्टी लावून दिली होती. तीच पट्टी मी आज पाहिली. ते बूट मीच चर्चच्या जुन्या बाजारात देऊन टाकले होते.

रेनीला फोन केला आणि मोज्याबद्दल सरळ विचारलं. तिने आधी मी बसले आहे का ते विचारलं. मग म्हणाली, बाई, हे तुम्ही विचारलं नसतंत तर बरं झालं असतं. उजवा हात उघडा होता, अंगठ्याचं टोक तुटलेलं. मोजा दातांत होता, सोडवावा लागला. आणि फोन मुठीत होता.

आता ते लिहायला हवं. त्या दिवशी इथल्या घड्याळाने एक वाजून एक्केचाळीस मिनिटांनी ऑरिनचा फोन आला होता. मी वाचनालयात होते. तिथे बोलत नाहीत, म्हणून घेतला नाही. नंतर फोनवर नोंदलेला निरोप ऐकला. चार मिनिटांचा होता. नुसती खसखस, काहीतरी घासल्यासारखं. दहा सेकंद ऐकलं, खिशात चुकून दाबला गेला असेल म्हणून पुसून टाकला आणि पुस्तकात डोकं घातलं. हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

एक दहा ते एक एक्केचाळीस. एकतीस मिनिटं तो जिवंत होता. निदान.

बुधवार, १३ फेब्रुवारी

रात्रीत चार फूट बर्फ. शेरीफच्या कचेरीतून फोन आला, वरून बर्फाची दरड येईल, रस्ता बंद आहे, घराबाहेर पाऊल टाकायचं नाही, टाकलं तर अटक. दरड आधीच पाडायला दर काही मिनिटांनी गस्तीचे सुरुंग वाजतात आणि भांडी हलतात.

बूट वीस पावलांवर.

मी मोजा टेबलावर ठेवला. ड्युई रडायलाच लागला. म्हणाला, आम्ही शिट्टी ऐकली होती, आर्लिस. त्याच्या जाकिटाची शिट्टी. वाटलं, त्याला कोरा उतार सापडलाय, आम्हाला डिवचतोय. असा बर्फ वर्षातून एकदा पडतो गं, थांबलं की दुसरे येऊन उतार घेऊन जातात. आम्ही खाली गेलो. पुन्हा वर आलो. शिट्टी चालूच होती. पुन्हा खाली गेलो. लोवेलने त्याच्या तोंडावर मारलं. म्हणाला, तीन वर्षं तोंड बंद ठेवता आलं ना तुला? मग आजच काय झालं?

ड्युई सज्ज्यावरच्या गरम पाण्याच्या टबात जाऊन बसला. जाताना म्हणाला, सज्जा म्हणजे घरच, बाईसाहेब, अटक होत नाही. बाहेरचा बर्फ कठड्याच्या बरोबरीने आला होता.

मी काचेतून बघत होते. शिट्टी वाजली. ड्युईने मान वळवली. बर्फातून करडी बाही बाहेर आली, उघडा हात, निळा, आणि त्या हाताने त्याला केसांना धरून कठड्यावरून डोक्यावर ओढलं. कंबरेपर्यंत आत. पाय हवेत झाडत होते. लोवेलने एक घोटा धरला, मी दुसरा. आतून हिसका बसला आणि मानेचा आवाज आला, ओली फांदी मोडते तसा. मग सोडून दिलं. एकदम.

त्याला आत आणलं. तोंड फुटायला आलं होतं इतका बर्फ त्यात ठासलेला, दगडासारखा. समोरचे दात आत गेलेले. जबडा छातीकडे लोंबत होता. टबातलं पाणी लाल झालं आहे आणि अजून उकळतंय.

गुरुवार, १४ फेब्रुवारी

शेरीफ म्हणतात, रस्ता उघडेपर्यंत कुणी येणार नाही. ड्युईला गॅरेजमध्ये ठेवलं आहे, चादरीखाली.

नारिंगी बूट दहा पावलांवर. त्यांच्या शेजारी दोन अनवाणी तळवे, गोरे. गॅरेजमध्ये जाऊन पाहिलं. नुसती चादर.

मोजा वरच्या खिडकीतून बाहेर फेकला. तासाभराने बूट वाळवायच्या खोलीत मधल्या खुंटीवर होता. ओला.

दुपारी —

सावकाश लिहिते. लोवेलने मला मागून दंडाला धरलं. म्हणाला, तू आणलंस त्याला. तुझा नवरा आहे, तूच जा, तुला बघून परत जाईल. माझ्यापेक्षा दुप्पट माणूस. केस धरून मला सज्ज्यावर ओढत नेलं, माझं डोकं कठड्यावर आपटलं, दोनदा. मी ओरडले, लोवेल, सोड! त्याने माझ्या तोंडावर हात दाबला. मी त्याचा अंगठा चावला. हाड लागेपर्यंत चावला. तो मागे सरला, घसरला, आणि कठड्यापलीकडे गेला.

डोक्यावर.

बर्फाने त्याला कंबरेपर्यंत घेतलं. बूट हलत होते. आतून त्याचा आवाज येत होता, खसखस, काहीतरी घासल्यासारखं. तो आवाज मी ओळखला.

मला दोन पावलं टाकायची होती. टाकली नाहीत. आत आले आणि स्वयंपाकघरातल्या घड्याळात पाहत उभी राहिले. बूट अकरा मिनिटं हलत होते.

माझ्या तोंडात अजून त्याच्या रक्ताची चव आहे.

शुक्रवार, १५ —

बर्फ खालच्या खिडक्यांच्या वर गेला. खोल्या काळ्या. शेरीफचा फोन लागत नाही. रेनीचा लागला होता, म्हणाली, दार उघडू नका, मी येते — मग सुरुंगासारखा आवाज, आणि काहीच नाही.

लोवेलचे बूट हलत नाहीत. ड्युईचे तळवे हलत नाहीत.

नारिंगी हलतात.

आता काचेला लागून आहेत. टाचेवरची निळी पट्टी मला बोट लावता येईल इतकी जवळ. त्याला काय हवं आहे? ते दोघं तर त्याने —

ज्यांनी ऐकलं आणि थांबले नाहीत.

ज्यांनी.

वाचनालयात मी दहा सेकंद ऐकलं होतं.

काचेला तडा गेला. वरून खाली.

घड्याळात दुपारचा दीड. मी इथेच टेबलाशी बसते. पळून कुठे जाऊ, आणि कशाला. माझा प्रश्न होता, त्याला त्रास झाला का. उत्तर मिळालं. एकतीस मिनिटांनी त्याने अंगठा चावून मोजा काढला, आणि मला फोन केला. दुसऱ्या कुणाला नाही. मला.

एक अडतीस. बर्फ जमिनीवर सांडतोय. हळू. पीठ सांडावं तसा.

एक चाळीस. मोजा मांडीवर घेतला आहे.

एक एक्केचाळीस.

फोन वाजतोय. त्याचं नाव. त्याचा फोन घरी खणात आहे, तीन वर्षं बंद —

घेतला.

खसखस. घासतंय. श्वास. दहा सेकंद झाले. पुसणार नाही. ऐकतेय.

एक मिनिट. तो शिट्टी वाजवायचा प्रयत्न करतोय, तोंडात बर्फ —

दोन. रडतोय. ऑरिनला मी कधी रडताना ऐकलं नव्हतं.

बूट आत आले. तळवे वर. टेबलापाशी. बर्फ माझ्या गुडघ्यांना —

तीन. बोलतोय. म्हणतोय, आर्लिस, फोन ठेवू नकोस गं, मला एकट्याला —

नाही ठेवत. सांगितलं त्याला. मोठ्याने सांगितलं. हात धरलाय कुणीतरी, गार आहे, अंगठ्याला टोक नाही, आणि ओढतो —

ऑरिन, मी आहे, या वेळी मी ठेवणार ना