सरळ रेघ

शिरूर कासार
शुक्रवार, २१ नोव्हेंबर २०२५

चि. ईश्वरी,

अप्पाचा आशीर्वाद. डॉक्टरीणबाईंनी तुला प्रवास नको म्हटलंय ते ऐक. बाळ होईपर्यंत पुणं सोडू नकोस. इकडं तूर फुलात आहे. तुझी आई दुपटी शिवत बसलेली असते.

तू दिवाळीला दिलेला लॅपटॉप छान आहे. बस स्टँडमागं दुरुस्तीचं दुकान असलेला मतीन, माझाच विद्यार्थी, त्याच्यात माझ्या जुन्या कॉम्प्युटरवरचं लिनक्स, म्हणजे मशीन चालवणारी प्रणाली, टाकून गेला. ते फुकट असतं, कुणा एकाचं नसतं; ज्याला येईल त्यानं दुरुस्त करावं आणि पुढच्याला द्यावं. मला ते शाळेतल्या कवितांसारखं वाटतं. त्या तरी कुणाच्या असतात? चालीवर म्हणेल त्याच्या.

त्याच कविता बाळासाठी रेकॉर्ड करायला घेतल्या. वर्गात म्हणायचो तशा, डोळे मिटून. मिटले की अजून पत्र्याची शाळा दिसते, चालीवर झुलणारी पोरं दिसतात. आठवडाभर म्हणत होतो. काल ऐकायला लावलं तर काहीच नाही. पडद्यावर नुसती सरळ रेघ. डोळे उघडे ठेवले असते तर पहिल्याच दिवशी कळलं असतं.

वाटलं, गेलाच आवाज.

मतीनला बोलावलं. बघून म्हणाला, "सर, तुमचा न्हाई, मशीनचा घसा बसलाय. मशीन लई नवं हाय, आपलं लिनक्स जुनं. ह्यातल्या माईकला ते वळखतच न्हाई."

"मग आता?"

"नवं कर्नल टाकतो. लिनक्सचा गाभा म्हणा. नव्या मशीनची वळख त्याच्यात असती."

"आणि माझ्या कविता गेल्या कुठं?"

"जातील कुठं सर? आल्याच न्हाईत. चहा तेवढा सांगा."

त्याला काही ठाऊक नाही. मी हसलो, आणि हसताना दुखलं.

मशीन बंद होऊन चालू झालं. मतीननं माईकजवळ तोंड नेलं, "पाढे म्हणू का, सर?" आणि रेघ थरथरली. तो गेल्यावर मी पुढं बसलो, तर तोंड उघडेना. रेघ पुन्हा सरळ. आता मशीनला दोष देता येईना.

पोरी, मी घाबरलोय. माझ्या घशातली गाठ साधी नाही. सोमवारी संभाजीनगरला ऑपरेशन आहे. स्वरयंत्र काढणार. जीव वाचेल म्हणतात, आवाज नाही. तू धावत येशील म्हणून तुला सांगायचं नाही असं तुझ्या आईचं नि माझं ठरलं होतं. पण फोनवर "सर्दी झालीय" किती दिवस म्हणू?

शेवटी एक कविता झाली, दुसरीच्या पुस्तकातली चिमणीची. आवाज फाटका आहे, मध्येच खोकलोय. एक ओळ विसरलो, ती तुझ्या आईनं चुलीपासून सांगितली. तीही आत आली आहे. पेनड्राइव्ह भरून द्यायला आलेला मतीन म्हणतो, नको ते कापता येतं. मी म्हणालो, राहू दे.

पेनड्राइव्ह आणि हे पत्र आजच्या ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरकडं देतोय. उद्या मिळालं की फोन कर. रडू नकोस, मला बोलायचंय.

सोमवारनंतरही करत जा. उचलीन. तू बोलत राहा. वर्गात डस्टर आपटायचो तसं मी टेबलावर बोट वाजवीन. तेवढं ऐकू आलं की समज, हजर आहे

तुझा अप्पा