उजव्या खिशातले पुस्तक

तीर्थरूप मामांना भाच्याचा साष्टांग नमस्कार (तूर्त मनातल्या मनात. खरा घालायचा तर वाकावे लागते, आणि हल्ली मी गुडघ्यांना विचारल्याशिवाय कमरेला वाकू देत नाही. भेटलो की रीतसर घालीन).

मामींची तब्येत कशी आहे? तुमच्या कमरेचे काय? आई सांगते की तुम्ही आरामखुर्चीतून उठताना अशी हाक मारता की शेजारचे दार उघडून बघतात. इकडे सर्व ठीक. माझे तर इतके ठीक आहे की हे पत्र मी इस्त्रीच्या टेबलापाशी उभा राहून लिहितो आहे, एक पाय विटेवर ठेवून, दर दहा मिनिटांनी पाय बदलून. मामा, कळ गेली! उद्गारचिन्ह विचार करूनच दिले आहे.

गेले पाच महिने काय चालले होते ते आईने तुम्हाला सांगितलेच असेल, पण ती मीठमसाला लावते, म्हणून मी नेमके सांगतो. कळ उजव्या कुल्ल्यातून निघायची, मांडीच्या मागच्या बाजूने उतरायची, पोटरीत मुक्काम करायची आणि तिथून करंगळीपर्यंत मुंग्या धाडायची. कधी वाढते, कधी कमी होते याची मी वही केली होती. बसल्यावर वाढते. मोजा घालताना वाढते. शिंकेने सर्वांत जास्त (शिंक येणार असे वाटले की मी आधी भिंत धरायचो, मग भिंत सापडेपर्यंत शिंक निघून जायची आणि कळ तेवढी यायची). चालल्यावर मात्र कमी होते. एवढे स्वतःच्या हाताने लिहून ठेवले आणि त्यातून काहीही शिकलो नाही. आई म्हणाली, पडून राहा. मी दोन दिवस पडून राहिलो आणि तिसऱ्या दिवशी वाळलेल्या ब्रशासारखा उठलो.

काळजी पायाची नव्हती, पाटीची होती. आमच्या मालकांना नाट्यगृहाच्या दर्शनी भिंतीवरचे मोठे नाव रंगवण्याचे काम मिळाले आहे. अक्षर माणसाच्या उंचीचे, जागा जमिनीपासून चाळीस फुटांवर. मालक म्हणाले, जो शिडी चढेल त्याची पाटी. मी लंगडतो हे त्यांनी पाहिले होते. म्हणजे काम वादळाकडे जाणार (आमचा दुसरा पेंटर, हात इतका जलद की आम्ही त्याला वादळ म्हणतो, आणि वादळानंतर जसे होते तसे त्याच्या ऱ्हस्वदीर्घाचे होते), आणि मी जन्मभर खाली बसून गाड्यांच्या नंबरप्लेटी रंगवणार. बसून, मामा. तेही उपड्या डब्यावर.

अशात एका फिजिओथेरपीवाल्या बाईंच्या दवाखान्याची पाटी आली. वरची अक्षरे झाली, खालची वेळापत्रकाची ओळ राहिली होती, म्हणून मी दारापाशी उपड्या डब्यावर बसून, उजवा पाय मांडीखाली दुमडून रंगवत होतो. एका शब्दाची शंका आली. मी अर्धवट उठलो, मागच्या खिशातून तुम्ही दिलेला शुद्धलेखनाचा कोश काढला, पाहिले, परत ठेवला, बसलो. बाई दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, ते पुस्तक पुन्हा काढा. काढले. बसा. बसलो. आता ठेवून बसा. असे चार वेळा. आत बसलेले रुग्ण आपापली दुखणी विसरून बघू लागले, कारण पुस्तक आत गेले की माझा उजवा खांदा वर आणि बाहेर आले की खाली, असा माझा हातपंप झाला होता.

"किती वर्षं बसताय यावर?" बाईंनी विचारले.

मी म्हणालो, सात. नववीत शाळा सुटली तेव्हा मामांनी दिले. खिसा मुद्दाम मोठा शिवून घेतला आहे.

"अहो, तुमची नस तिथूनच जाते. सात वर्षं नसेवर व्याकरण ठेवून बसलात, ती ओरडणार नाही तर काय?"

मग त्यांनी मला बसायला, उठायला, झोपायला नव्याने शिकवले. सकाळी ताडकन उठायचे नाही, कुशीवर वळून हाताच्या रेट्याने उठायचे. रंगाचा डबा गुडघ्यात वाकून, पोटाशी धरून उचलायचा. पाय दुमडून बसायचे नाही. (पुढचे दोन दिवस सोडून देतो, त्यांत सांगण्यासारखे विशेष नाही.) तिसऱ्या दिवशी बाई पाटीचे पैसे द्यायला कारखान्यात आल्या, पुस्तक माझ्याकडून घेतले आणि पार पलीकडच्या फळीवर, टर्पेंटाइनच्या बाटल्यांशेजारी ठेवले. माझ्या डब्यापासून बावीस पावले. म्हणाल्या, शंका आली की उठा, चालत जा, बघा, चालत या. एका जागी अर्ध्या तासाच्या वर बसू नका, एवढंच औषध.

मामा, त्यांना माझा स्वभाव ठाऊक नव्हता. अर्धा तास? मला पाच मिनिटांत शंका येते. पहिल्या दिवशी मी चव्वेचाळीस वेळा उठलो. मालक म्हणाले, मी पेंटर ठेवलाय की पोस्टमन? पण दहाव्या दिवशी मुंग्या गेल्या, पंधराव्या दिवशी पोटरी मोकळी झाली, आणि विसाव्या दिवशी मला शिंक आली आणि काहीच झाले नाही. मी इतका हरखलो की दुसरी यावी म्हणून उन्हाकडे बघत उभा राहिलो. ज्या स्वभावापायी शाळेत पेपर अर्धे राहायचे, त्याच स्वभावाने पाय सोडवला. परवा मालकांसमोर शिडी तीनदा चढून उतरलो. मालक वादळाकडे बघून म्हणाले, "तू चुना लाव, नाव हा लिहील."

सोमवारी सकाळी सातला काम सुरू. मामींना नमस्कार, आणि तुम्ही दोघेही पाय दुमडून बसत नसाल अशी आशा.

तुमचा आज्ञाधारक (आणि दोन्ही खांदे समान असलेला) भाचा

ता. क. चाळीस फुटांवरून दर शंकेला उतरता येणार नाही. मालकांनी दिवसाला चारच उतरण्या मंजूर केल्या आहेत, आणि खिशात पुस्तक ठेवायला बाईंची बंदी आहे. तेव्हा सोमवारी तुम्ही यावे, पुस्तक घेऊन शिडीखाली उभे राहावे आणि मी वरून विचारीन तो शब्द पाहून सांगावा. वादळाला विचारले तर तो न बघता सांगतो. खुर्ची ठेवणार नाही. मधूनमधून फेऱ्या माराव्यात, तुमच्या कमरेलाही बरे.

ता. क. २. पत्र लांबले याची क्षमा मागत नाही, तेवढे चालणे झाले. कोश घराच्या दुसऱ्या टोकाला ठेवला आहे, आणि या पत्रासाठी मी त्रेसष्ट वेळा उठलो. त्यांत खरी गरज दोनदाच होती.

ता. क. ३. पुस्तक हातात घेण्याआधी एक गोष्ट कळलेली बरी. वर जे दोन दिवस सोडले, त्यांत मी स्वतःच्या बुद्धीने एक उपाय केला होता. एक बाजू उंच होते तर दोन्ही समान कराव्यात, म्हणून बुकबाइंडरकडून कोश मधोमध कापून घेतला, दोन्ही भागांना नवे पुठ्ठे लावले, 'अ ते न' डाव्या खिशात, 'प ते ज्ञ' उजव्या खिशात. बसायला अगदी सरळ झालो. फक्त दोन्हीकडे दुखू लागले. बाईंनी ते पाहून पाच मिनिटे खिडकीबाहेर पाहिले. तुमचा आशीर्वाद आणि सही पहिल्या भागात राहिली. दुसरा भाग तुमच्याविना पोरका आहे, त्यावरही सही करावी. रागवायचे असल्यास उभ्याने रागवावे.