प्रियाच्या वाट्याची कलेजी

मोहाटोला (ता. एटापल्ली)
३ फेब्रुवारी २०२४

चि. प्रियास, दिनेशदादाचा जय सेवा.

रेंज नाही, म्हणून पत्र. काल पंडुमाचा सण झाला, बकऱ्याचे वाटे पडले. चंद्रपूरला जनावरांच्या दवाखान्यात नोकरीला जाताना तू सांगितलं होतंस की माझा वाटा भुऱ्याला द्या. सात वर्षं झाली, आई विसरलेली नाही. तुझी कलेजी त्याला कच्चीच, हाताने भरवते. याही खेपेस कलेजीत पाण्याचे पांढरे फुगे निघाले, कोणी खाईना, तेव्हा सगळीच त्याला मिळाली. कुत्रा तुझ्यापेक्षा गुबगुबीत झालाय!

आईच्या उजव्या बरगडीखाली मात्र गोळा लागतो, दुखतो. वर्षभर गॅसच्या गोळ्या चालू आहेत. मले काई झालं नाई, प्रियाले लिहू नको, म्हणते. पुढच्या आठवड्यात पोट चोळून घेणार आहे.

तुझा दादा

चंद्रपूर
६ फेब्रुवारी

ती. दादास, प्रियाचा जोहार.

ही चिठ्ठी एसटीच्या कंडक्टरजवळ देते आहे. आईचं पोट कोणालाही चोळू देऊ नकोस, सुई टोचू देऊ नकोस. कलेजीतले ते फुगे किड्याचे असतात. कुत्र्याने खाल्ले की त्याच्या पोटात बारीक जंत होतात. त्यांची अंडी विष्ठेतून केसांना, आपल्या हातांना लागतात, आणि माणसाच्या कलेजीत तसाच फुगा वर्षानुवर्षं वाढतो. तो फुटला तर जिवावर बेतेल. हा आजार लवकर कोणाच्या ध्यानात येत नाही, म्हणून आईला घेऊन इकडेच ये. सोनोग्राफी करू, डॉक्टरांना कुत्र्याची गोष्टही सांगू.

बकऱ्यांत मी हे नेहमी बघते आणि घरचं दिसलं नाही. दादा, मीच सांगितलं होतं रे. भुऱ्याला हाकलू नका, जंताचं औषध देते.

भ्यालेली प्रिया

मोहाटोला
१९ मे

चि. प्रियास,

आई बोलते आहे, मी लिहितो आहे.

टाके सुकले, भाकर गोड लागते. दवाखान्यात तू सारखी माफी मागत होती, त्याचा मले राग आला. तू सांगितलं म्हणून नाई भरवलं मी त्याले. तू गेल्यावर तुहा वाटा खायाले घरात कोनी नोव्हतं, म्हणून भरवलं.

काल दोन बकरे कापले. एकाची फुगेवाली कलेजी दिनेशनं कमरेएवढ्या खड्ड्यात पुरली, वर दगड ठेवला. भुऱ्या दोन घंटे तिथीच रुसून बसला, मंग शिजवलेला भात खाल्ला. त्याले हात लावला का साबनानं हात धुते म्हणून प्रियाले सांग, असं मले दिनेश म्हणते. धुतेच वो मी.

दुसऱ्या बकऱ्याची, तुह्या वाट्याची कलेजी चांगली निघाली. शिजवून, वाळवून चुलीवर टांगली हाय. आता ते कोनाले देनार नाई. येऊन खाय.

तुही आई